दिवसांचा भाव

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



नभोवाणीवर पंधरा मिनिटे बोलावयास या, असा निरोप आला तेव्हा विषय शोधण्यात माझा फारसा वेळ गेला नाही. मी बेळगावातील एका मराठी शाळेत सातवीच्या वर्गाला गणित शिकविते. मोठ्या विषयांवर बोलणारी विद्वान मंडळी पुष्कळ आहेत. मी आपली रोजच्या व्यवहारातील एक वस्तू घेतली आहे. तिला पुस्तकी मराठीत भ्रमणध्वनी म्हणतात आणि दुकानात कोणीही तसे म्हणत नाही. या मोबाइलच्या निरनिराळ्या योजनांचा खर्च आणि आपली खरी गरज यांचा मेळ कसा घालावा, हा आजचा माझा विषय आहे. विषय क्षुल्लक वाटेल. मलाही तो २०२४ च्या पावसाळ्यापर्यंत क्षुल्लकच वाटत होता.

माझी आई खानापूर तालुक्यात, जंगलपट्टीला लागून असलेल्या एका लहान गावी एकटीच राहते. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. तिच्यापाशी बटणांचा साधा फोन आहे. त्यात इंटरनेट नाही, फोटो नाहीत. वाजला की हिरवे बटण दाबावयाचे, एवढीच तिची विद्या. भाऊ मस्कतला असतो. तो शुक्रवारी फोन करतो आणि मी रविवारी. त्या पावसाळ्यात लागोपाठ दोन रविवार माझा फोन लागला नाही. आमच्या त्या भागात पावसाने वीज गेली की टॉवरही बंद पडतो, यात नवल काही नाही. म्हणून मी काळजी केली नाही. भावाचाही तसाच समज झाला. तिसऱ्या रविवारी मन राहीना, म्हणून सकाळची पहिली बस धरून गेले. आई पडवीत बसून तांदूळ निवडीत होती. मला पाहून तिने पहिली गोष्ट विचारली ती अशी : "काय गं, माझं काही चुकलं काय? दोघांनीबी फोन करायचा सोडलाव न्हवं."

फोन शाबूत होता, टॉवर चालू होता. चुकले होते ते रिचार्जचे गणित. प्रकार असा झाला की, आई दिनदर्शिकेवर अठ्ठावीस दिवस मोजून खूण करीत असे आणि त्या दिवशी शेजारच्या मुलाच्या हाती नेहमीची रक्कम देऊन दुकानात पाठवीत असे. २०२४ च्या जुलै महिन्याच्या आरंभी सर्व खाजगी कंपन्यांनी आपले दर वाढविले. जुन्या रकमेत जुने रिचार्ज बसेना. दुकानदाराने त्या रकमेत बसेल असे कमी मुदतीचे रिचार्ज मारले. त्याने ते मुलाला सांगितलेही असेल, पण मुलगा विसरला. आईची खूण होती तेथेच राहिली. मुदत संपली, आधी तिचे फोन जाणे बंद झाले आणि मग येणेही बंद झाले. ती फोन लावावयास जाई तेव्हा एक बाई यंत्रातून काहीतरी इंग्रजीत सांगे. आईने तिचे बोलणे ऐकून घेतले आणि फोन कोनाड्यात ठेवून दिला. लेकरे आपल्याला विसरली, असे समजून त्या माउलीने जवळजवळ तीन आठवडे काढले. हा रुपया-दोन रुपयांचा विषय नव्हे, हे मला त्या दिवशी पडवीत समजले.

आता थोडे मागे जाऊ. आपल्या देशात मोबाइलवरून पहिले संभाषण झाले ते ३१ जुलै १९९५ रोजी. बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी ते केले. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत आकार पडे. एवढेच नव्हे, तर आलेला फोन उचलला तरी उचलणाऱ्याला पैसे पडत. मे २००३ पासून येणारे फोन फुकट झाले. तोपर्यंत, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे, आपल्या लोकांनी 'मिस्ड कॉल' नावाची एक बिनपैशांची भाषा तयार केली. एकदा वाजला म्हणजे पोहोचलो, दोनदा वाजला म्हणजे बस चुकली. माझी आई अजूनही मला मिस्ड कॉलच देते. फोन करण्याचे आता वेगळे पैसे पडत नाहीत, हे मी तिला किती वेळा सांगितले. परंतु तिचा हात तीन घंटांनंतर आपोआप लाल बटणाकडे जातो.

आम्हां सीमेवरच्या लोकांना आणखी एक कर भरावा लागे. दूरसंचाराच्या नकाशात आपला देश निरनिराळ्या परिमंडलांत वाटलेला आहे. गोवा महाराष्ट्राच्या परिमंडलात जातो, मुंबई त्या परिमंडलाबाहेर स्वतंत्र आहे आणि बेळगाव कर्नाटकात. त्यामुळे सावंतवाडीच्या माणसाला पणजी जवळची आणि आम्हांला चंदगड परका! बेळगावाहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागले की शिनोळी येते. ते गाव चंदगड तालुक्यातील, म्हणजे महाराष्ट्रातील. तेथे फोन महाराष्ट्राचा टॉवर पकडी आणि भाजी घ्यावयास गेलेला माणूस परप्रांती ठरून आलेल्या फोनचेही पैसे मोजी. हद्दीजवळच्या घरांत तर स्वयंपाकघरात एक राज्य आणि ओसरीवर दुसरे, असा प्रकार असे. नियामक प्राधिकरणाने मे २०१५ पासून परप्रांती येणाऱ्या फोनच्या आकाराची कमाल मर्यादा मिनिटाला पंचाहत्तर पैशांवरून पंचेचाळीस पैशांवर आणली. पुढे २०१६ च्या सप्टेंबरात जिओ कंपनी आली. तिने बोलणे फुकट आणि इंटरनेट स्वस्त केले, आणि २०१७ पर्यंत देशांतर्गत परप्रांती आकार बहुतेक मिटला. राज्यांचा वाद जेथल्या तेथे आहे, पण निदान फोनपुरती हद्द पुसली गेली, हे आम्ही मोठेच सुख मानतो.

मात्र या सुखाबरोबर हिशेबाची सारी रीतच बदलली, आणि हा बदल पुष्कळांच्या ध्यानात आलेला नाही. पूर्वी आपण मिनिटे विकत घेत होतो. २००९ मध्ये तर सेकंदाला एक पैसा असाही दर निघाला होता. जितके बोलाल तितके द्या. न बोललात तर शिल्लक तुमची. आज आपण मिनिटे विकत घेत नाही, दिवस विकत घेतो. तुम्ही बोला की मौन पाळा, मुदत सरली की पैसे सरले. २००५-०६ च्या सुमारास काही कंपन्यांनी 'आजन्म' योजना काढल्या होत्या. एकदा ९९९ रुपये भरा आणि जन्मभर फोन घ्या, असे त्यांचे स्वरूप होते. माझ्या वडिलांनी मोठ्या हौसेने तशी एक घेतली होती. २०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी दरमहा किमान रिचार्जाची अट घातली आणि ते 'आजन्म' संपले. जन्म कोणाचा, हे त्या कागदावर छापलेले नव्हते.

तेव्हा दिवस हाच माल असेल, तर त्याचा भाव दिवसावरच काढला पाहिजे. आईकडून परत आल्यावर मी तोच धडा वर्गात घेतला. एकमान पद्धतीचा पाठ चालूच होता. पाच वह्यांची किंमत अमुक, तर एका वहीची किती, या उदाहरणाऐवजी मी फळ्यावर लिहिले : २८ दिवसांना २९९ रुपये, तर एका दिवसाला किती? आणि मुलांना घरच्या सर्व फोनांची रक्कम, मुदत व वापर लिहून आणावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी वर्गात जो कोलाहल झाला, तो व्याजाच्या उदाहरणाने कधी झाला नव्हता.

काही भाव आता सांगते. नभोवाणीवर कंपन्यांची नावे घेतली तर ती जाहिरात होते, आणि न घेतली तर ऐकणाऱ्याला उपयोग होत नाही. म्हणून आवश्यक तेथेच घेते आणि सर्वांची घेते. शिवाय हे आकडे त्या त्या तारखेचे आहेत. दर पुढे बदलले आहेत व बदलत राहतील. आपण केवळ रीत ध्यानात घ्यावी.

जुलै २०२४ मध्ये २९९ रुपयांची, २८ दिवसांची योजना तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांपाशी होती. तिच्यात जिओ रोज दीड जीबी इंटरनेट देई, तर एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया एकेक जीबी. दिवसाचा भाव पडतो १० रुपये ६८ पैसे. आता २८ दिवसांचा महिना ही काय चीज आहे, ते पाहा. वर्षाचे महिने बारा, पण अशी रिचार्जे तेरा करावी लागतात आणि तरीही एक दिवस उरतो. २९९ ला तेराने गुणले की ३,८८७ रुपये होतात. महिन्याला तीनशे म्हणजे वर्षाला छत्तीसशे, असा हिशेब मनाशी धरणाऱ्या गृहिणीची येथेच फसगत होते. लोकांनी याविषयी फार कुरकुर केली, तेव्हा भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ज्याला सर्वजण 'ट्राय' म्हणतात, जानेवारी २०२२ मध्ये आज्ञा काढली की, प्रत्येक कंपनीने तीस दिवसांची आणि दर महिन्याच्या त्याच तारखेस नवी होणारी अशीही योजना ठेवलीच पाहिजे. जिओची अशी महिन्याची योजना २०२४ च्या दरवाढीनंतर ३१९ रुपयांस होती आणि इंटरनेट तेच, रोज दीड जीबी. ३१९ गुणिले बारा म्हणजे ३,८२८. दिसावयास वीस रुपयांनी महाग असलेली योजना वर्षाअखेर ५९ रुपयांनी स्वस्त निघाली! वर्गातील एका मुलाने हे उत्तर प्रथम काढले आणि आपलेच चुकले असेल असे समजून खोडून टाकले होते.

आता माझ्या आईसारख्यांचा, म्हणजे केवळ बोलणाऱ्यांचा विचार. देशात असे लोक थोडे नाहीत. त्यांच्या फोनात इंटरनेट चालतच नाही, तरी त्यांना इंटरनेट विकत घ्यावे लागे, कारण त्यावाचून दुसरी योजनाच नसे. साखर खात नसलेल्या माणसाने वाण्याकडे तांदूळ मागावेत आणि वाण्याने साखर घेतल्यावाचून तांदूळ मिळणार नाहीत म्हणावे, त्यातला प्रकार. अखेर २३ डिसेंबर २०२४ रोजी ट्रायने नियमांत दुरुस्ती केली. केवळ बोलणे व लघुसंदेश यांसाठी निराळे रिचार्ज ठेवावे आणि अशा रिचार्जाची मुदत, जी पूर्वी नव्वद दिवसांपलीकडे नसे, ती ३६५ दिवसांपर्यंत देता यावी, असे त्यात ठरले.

त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये जे घडले ते मौजेचे आहे. एअरटेलची ३६५ दिवसांची, २४ जीबी इंटरनेट असलेली योजना जुलै २०२४ पासून १,९९९ रुपयांस होती. इंटरनेट वगळून जी नवी योजना प्रथम बाहेर आली, तिची किंमत १,९५९ ठेवली होती. चोवीस जीबी काढून घेतल्याबद्दल सूट चाळीस रुपये! या दरांवर टीका झाली, ट्रायनेही आपण हे दर तपासून पाहू असे जाहीर केले, आणि थोड्याच दिवसांत तो दर १,८४९ वर आला. व्होडाफोन आयडियाचाही वर्षाचा दर १,८४९ च होता. जिओने १,९५८ ची योजना मागे घेऊन १,७४८ ची आणली. वर्तमानपत्रांत मथळे आले की जिओ शंभर रुपयांनी स्वस्त. मी तो मथळा फळ्यावर लिहिला आणि मुलांना विचारले, खरे की खोटे? निम्म्या वर्गाने खरे म्हटले. मग मुदत लिहिली. १,८४९ रुपयांना ३६५ दिवस, १,७४८ रुपयांना ३३६ दिवस. भागाकार करा. पहिल्यात दिवसाला ५ रुपये ७ पैसे पडतात, दुसऱ्यात ५ रुपये २० पैसे. तीनशे छत्तीस म्हणजे अठ्ठावीस गुणिले बारा. येथेही तो अठ्ठावीस दिवसांचा महिना लपून बसलेला आहे. १,७४८ च्याच भावाने पुरे वर्ष काढावयाचे तर १,८९९ रुपये लागतील. स्वस्त ते महाग आणि महाग ते स्वस्त.

त्यांच्या तिमाही योजनाही होत्या. त्या ८४ दिवसांच्या. जिओची ४४८ रुपयांस, एअरटेलची ४६९, व्होडाफोन आयडियाची ४७०. दिवसाचा भाव अनुक्रमे ५ रुपये ३३ पैसे, ५ रुपये ५८ पैसे आणि ५ रुपये ६० पैसे. ४६९ च्या चार घेतल्या तर १,८७६ रुपये होतात आणि दिवस ३३६ च मिळतात. म्हणजे वर्षाची एकदम घेणाऱ्याला २७ रुपये वाचून वर २९ दिवस अधिक.

परंतु येथे एक गोष्ट पाहिली पाहिजे, जी केवळ गणिताने दिसत नाही. जुन्या बटणांच्या फोनात जिओचे कार्ड चालत नाही. त्या कंपनीचे जाळे चौथ्या पिढीपासून सुरू होते आणि जुना फोन दुसऱ्या पिढीचा असतो. त्यासाठी निराळा फोन घ्यावा लागतो. त्या कंपनीने २०२३ मध्ये ९९९ रुपयांचा एक बटणांचा फोन काढला आणि केवळ त्याच फोनासाठी १२३ रुपयांत २८ दिवस अशी योजना ठेवली. तेरा वेळा १२३ म्हणजे १,५९९. फोन नवा घ्यावयाचाच असेल त्याने याचा विचार अवश्य करावा. माझ्या आईला मात्र नवा फोन शिकविणे म्हणजे नवी सून घरात आणण्यासारखे आहे. तिला तिचा जुनाच बरा.

मुलांनी घरून आणलेल्या हिशेबांपैकी दोन-तीन सांगण्याजोगे आहेत. एका मुलीच्या घरी चार फोन आणि शिवाय भिंतीवर वायफायची पेटी, तिचे मासिक बिल वेगळे. तरी चारही फोनांत रोज दीड जीबीचे, ८४ दिवसांना ७९९ रुपयांचे रिचार्ज. आजी, आई आणि आत्या सारा दिवस घरी. त्यांच्या फोनांना इंटरनेट पेटीतून मिळते आणि विकत घेतलेले दीड जीबी रोज मध्यरात्री वाया जाते. रोजचे उरलेले उद्याला जमा होत नाही, हे त्या घरात कुणाला ठाऊकच नव्हते. त्याच कंपनीची ८४ दिवसांना एकूण ६ जीबी देणारी ४७९ रुपयांची योजना जुलै २०२४ च्या दरांत होती. फरक दिवसाला ३ रुपये ८१ पैसे, वर्षाला एका फोनामागे सुमारे १,३९० रुपये. तीन फोनांचे चार हजारांवर जातात. मुलीने हे घरी सांगितले, तेव्हा आजी म्हणाली, "चार हजार रुपयं रोज रात्री बारा वाजता आम्ही गटारीत ओततोय की!"

दुसऱ्या एका मुलाचा मोठा भाऊ महाविद्यालयात आहे. त्याची व्याख्याने, टिपणे आणि करमणूकही फोनावरच. रोजचे दीड जीबी संपले की वेग ६४ केबीपीएसपर्यंत उतरतो, म्हणजे चित्र हलावयाचे थांबते; मग तो १९ रुपयांचे एक जीबी वरून घेई. महिन्यात अशी चार-पाच वेळा. २९९ अधिक चार वेळा १९ म्हणजे ३७५. त्याऐवजी ३४९ ची, रोज दोन जीबीची योजना त्याला स्वस्त पडली असती. शिवाय २०२४ च्या दरवाढीनंतर पाचव्या पिढीचे अमर्याद इंटरनेट रोज दोन जीबी किंवा त्याहून अधिक देणाऱ्या योजनांवरच ठेवले होते, आणि त्याच्यापाशी तसा फोन होता. म्हणजे येथे काटकसर महाग पडत होती. कमी रकमेची योजना म्हणजे कमी खर्च, असे सूत्र करून चालणार नाही.

तिसरा हिशेब मला विशेष वाटतो. एका मुलाची आई भाजी विकते. तिचे रिचार्ज १८९ रुपयांचे, २८ दिवस आणि एकूण दोन जीबी. गिऱ्हाइके पैसे फोनवर टाकतात, ते आले की नाही हे पाहण्यापुरते तिला इंटरनेट लागते. दिवसाचा भाव ६ रुपये ७५ पैसे. जुलै २०२४ मध्ये त्याच कंपनीची ३३६ दिवसांची, २४ जीबीची योजना १,८९९ रुपयांस होती. तिचा भाव ५ रुपये ६५ पैसे. दिवसाला एक रुपया दहा पैसे जास्त ती बाई देते, कारण एकरकमी एकोणीसशे रुपये तिच्या गाठी नसतात. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याला दिवस स्वस्त मिळतात आणि ज्याच्यापाशी नाही त्याला महाग. रेशनच्या दुकानाबाहेर किरकोळ घेणाऱ्याची सर्वत्र हीच गत. मी हे वर्गात बोलले नाही. पण तो मुलगा स्वतःच उठून म्हणाला, "बाई, आमच्या गल्लीत भिशी आहे. आईचा नंबर मार्चात लागतो." त्या मार्चात भिशीचे पैसे आले तेव्हा तिने वर्षाचे रिचार्ज खरोखरच केले. मी कोणाला व्यवहार शिकवावयाला गेले नव्हते. तो त्यांच्यापाशी माझ्याहून अधिक होता, मी फक्त भागाकार पुरविला.

वर्षाच्या योजनेला एक धोकाही आहे. पैसे एकदा दिले की बारा महिने त्या कंपनीशी बांधले गेलो. आपल्या गावी तिचा टॉवर नीट चालेनासा झाला, तर क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर जानेवारी २०११ पासून आहे. १९०० या क्रमांकावर 'पोर्ट' हा शब्द आणि आपला क्रमांक इंग्रजी लिपीत लिहून संदेश धाडला की ती प्रक्रिया सुरू होते. पण उरलेले दिवस बरोबर येत नाहीत, ते तेथेच बुडतात. म्हणून नव्या कंपनीत जाणाऱ्याने पहिल्या खेपेस अठ्ठावीस दिवसांचेच घ्यावे, आणि पावसाळ्यात, घराच्या आतल्या खोलीतून, फोन लावून पाहावा. आमच्या जंगलपट्टीत पुष्कळ ठिकाणी योजनेची निवड हा प्रश्नच उद्भवत नाही. ज्या कंपनीचा आवाज पोहोचतो ती घ्यावयाची. सरकारी बीएसएनएलने २०२४ च्या जुलैत दर वाढविले नाहीत म्हणून पुष्कळ लोक तिकडे वळले. तिचे चौथ्या पिढीचे जाळे देशभर औपचारिकपणे खुले झाले ते २७ सप्टेंबर २०२५ रोजी. स्वस्त दर असून फोन लागत नसेल, तर दिवसाचा भाव शून्याने भागल्यासारखा आहे, आणि शून्याने भागू नये हे सातवीच्या मुलालाही ठाऊक असते.

महिन्याच्या अखेरीस बिल येणाऱ्या पोस्टपेड योजनांविषयी थोडेच सांगते. रिचार्जाच्या किमतीत कर धरलेला असतो. बिलाच्या योजनांत तो बहुधा वरून लागतो. २०२४ च्या दरांतील ३४९ रुपयांची मासिक योजना अठरा टक्के करासह ४११ रुपये ८२ पैशांची होते. मुदत चुकण्याची भीती मात्र त्यात नाही, हे खरे.

आपला स्वतःचा वापर किती, हे कसे कळावे? ज्यांच्यापाशी मोठा फोन आहे, त्यांना त्याच्या सेटिंगमध्ये 'डेटा वापर' असे सदर सापडेल. महिन्यात किती जीबी गेले, हे तेथे लिहिलेले असते. माझ्या फोनात पाहिले तर महिन्याला नऊ जीबी. मी विकत घेत होते बेचाळीस! आमच्या शिक्षकांच्या खोलीत प्रत्येकाने पाहिले आणि काही काळ कोणी बोलेना. ट्रायच्या संकेतस्थळावर सर्व कंपन्यांच्या सर्व योजना परिमंडलवार एकत्र पाहावयास मिळतात. तेथे बेळगावकरांनी कर्नाटक निवडावे, गोवेकरांनी महाराष्ट्र, इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींनी मध्यप्रदेश आणि बडोदेकरांनी गुजरात. दुकानदार वाईट असतात असे मला म्हणावयाचे नाही. जे सर्व घेतात तेच तो देतो. आपण रक्कम न सांगता गरज सांगितली, तर तोही शोधून देतो. आईच्या गावच्या दुकानदाराने मला तसे दिले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही आईच्या फोनात केवळ बोलण्याची, १,८४९ रुपयांची, वर्षाची योजना घातली. पूर्वी तिचे तेरा रिचार्जांचे ३,८८७ रुपये होत. वाचले २,०३८. भाऊ मस्कतहून म्हणाला की त्यात आणखी थोडे घालून आईला चित्र दिसणारा फोन घेऊ, म्हणजे नातवंडे दिसतील. यावर आमच्या दोघांची बरीच चर्चा झाली. त्या फोनाला इंटरनेट लागेल आणि वाचविलेले सारे पुन्हा जाईल. हिशेबाने पाहता ते बरोबर नाही. पण नातवंडांचे तोंड पाहण्याचा दिवसाचा भाव कसा काढावा, हे मला येत नाही. आम्ही आईलाच विचारले. ती म्हणाली, "फोन वाजूदे म्हणजे झालं. तोंडं नाताळाला बघीन."

आता तिच्या दिनदर्शिकेवर अठ्ठावीस दिवसांच्या खुणा नाहीत. रिचार्ज केले ती तारीख मी कोनाड्याच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवली आहे आणि माझ्या वहीतही. नवे वर्ष लागले की पहिल्याच रविवारी मी ती पाहते. आणि दर रविवारी दुपारी, जेवणे आटोपली की, माझा फोन तीन वेळा वाजून बंद होतो. मग मी लावते.